कोसाडची भेग

आमची मावसबहीण लग्न होऊन सुरतेकडे गेली त्याला आता पंधरा वर्षं झाली. भावजी मूळ जळगाव जिल्ह्यातले. वेर्ण्याच्या एका कारखान्यात होते तेव्हा सोयरीक जमली, मग ते सुरतेला गेले आणि दोघांनी कोसाडला तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. कोसाड म्हणजे सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडचं, एकेकाळचं गाव आणि 2006 पासून महानगरपालिकेच्या हद्दीत आलेलं उपनगर. रेल्वे स्टेशन आहे, पण मोठ्या गाड्या थांबत नाहीत. आपल्या लोकांना सुरत म्हटलं की साड्या, घारी आणि शिवाजी महाराज एवढंच आठवतं. कोसाड कुणाला आठवायचं कारणच नाही.

गेल्या मे महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, भिंतीला परत भेग गेली. तू जुन्या घरांचं काय काय लिहितोस ना, मग येऊन बघ तरी." मी सरकारी कारकून, बी. ए. इतिहास. भिंतीतलं मला काय कळणार? पण एलटीसी शिल्लक होती, सुरत बघायची इच्छा जुनी होती, आणि तिला नकार द्यायला तोंड नव्हतं. ते का नव्हतं, तेही ओघात येईलच.

भेग बघितली. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरकी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत जमिनीपर्यंत गेलेली. करंगळीचं नख जाईल एवढी रुंद. तीनदा बुजवून झाली होती. एकदा पांढऱ्या सिमेंटने, एकदा प्लास्टरनं, एकदा बाजारात तयार मिळणाऱ्या पुट्टीने. दर वेळी दिवाळीला भिंत गुळगुळीत, आणि होळीनंतर भेग हजर.

भावजी शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी एका वाक्यात निदान केलं. "आमच्या कपाशीच्या शेतात वैशाखात भेगेत काठी घातली तर अर्धी आत जाते. इथली जमीन तीच आहे, वर फक्त घर ठेवलंय." बरोबर होतं ते. सुरत-भरुचचा पट्टा काळ्या मातीचा. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर सगळं घर वर्षातून एकदा श्वास घेतं आणि एकदा सोडतं. मग भिंतीने काय करावं? ती फाटते.

आपल्याकडे गोव्यात ही काळजी नाही. आपण जांभ्यावर बसलेले. चिरा खणायचा, त्याच चिऱ्याची भिंत घालायची, खाली जमीनही तीच. आपल्या भिंतींचा शत्रू निराळा, चार महिने धरून बसणारा पाऊस. आणि त्या पावसावरचा आपला जुना तोडगा होता चुना.

इथे थोडं थांबतो, कारण हा विषय मला फार जवळचा आहे. आपल्याकडे डोंगरात चुनखडी नाही म्हटलं तरी चालेल, पण नद्यांच्या मुखाशी शिंपल्यांना तोटा नव्हता. शिंपले भट्टीत भाजायचे. साधारण नऊशे अंशांपर्यंत तापले की त्यातला वायू निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, फुटतो, विरतो. विरवलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली महिनोन्महिने मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा. मग वाळू घालून घाणीत मळायचा. महाराष्ट्रातल्या कित्येक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं गोल चर आणि दगडी चाक अजून बघायला मिळतं. त्यात कुणी गूळ घालायचं, कुणी हिरड्याचं पाणी, कुणी बेलफळाचा चीक. भिंतीवर चढला की हा चुना हवेतला तोच वायू परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणजे शिंपल्याचा झाला चुना आणि चुन्याचा परत शिंपला!

ह्या चुन्याचा एक गुण असा की तो हट्टी नाही. भिंत थोडी हलली तर तो थोडा वाकतो. केसाएवढी बारीक भेग पडली तर पावसाचं पाणी आतला मोकळा चुना विरघळवून त्याच भेगेत आणून सोडतं, आणि भेग आपोआप भरते. शिवाय तो ओल कोंडून ठेवत नाही. चिरा पाणी पितो आणि चुना ते बाहेर सोडतो. असा दोघांचा संसार.

आता माझ्या पापाची गोष्ट. फोंडा महालातल्या आमच्या जुन्या घरात देवखोलीच्या दारावर कावीचा पट्टा होता. कावी म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगावं लागतं. काव म्हणजे तांबडी माती, हुरमुंज म्हणा. चुन्याचे लाल आणि पांढरे असे थर द्यायचे, वरचा ओला आहे तोवर टोकदार कंट्याने कोरून खालचा उघडा करायचा. रंगवलेलं नव्हे, भिंतीतच रुजलेलं चित्र. कोकणपट्टीत, गोव्यातल्या आणि कारवार-कुमट्याकडच्या देवळांत, जुन्या घरांत ते होतं. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (1934–2002) ह्यांनी गावोगाव हिंडून त्याची छायाचित्रं घेतली, त्यावर लिहिलं, म्हणून निदान कागदावर बरंच राहिलं. आमच्या दारावर होती ती साधी वेल. पाच पानं, एक फूल, परत पाच पानं. कोणी काढली, केव्हा काढली, घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आजी सणाला दारावर तोरण बांधताना त्या वेलीला हात लावून नमस्कार करायची, इतकंच मी पाहिलेलं.

2009 साली त्या भिंतीला भेग गेली. मी नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झालेली, हातात पहिल्यांदा पैसे खेळत होते. जीपीएफचा ॲडव्हान्स काढला आणि चवथीपूर्वी घर 'नवं' करायचं ठरवलं. आलेल्या गवंड्याने टकटक करून पाहिलं आणि सांगितलं, चुना पोकळ झालाय, सगळा काढून सिमेंट मारूया, पन्नास वर्षं बघायला नको. आई म्हणाली, "वेल तेवढी ठेव रे." मी कचेरीत होतो. संध्याकाळी आलो तर सिमेंट नीट धरावं म्हणून भिंतभर हातोडीचे टोचे मारून झालेले, वेलीसकट. दोष त्याचा नाही. भिंतीवर उभं राहायचं काम माझं होतं. त्या वेळी बहीण आमच्याकडेच राहत होती, कॉलेजला होती. तिने खाली पडलेले लाल तुकडे सुपात गोळा केले. कुणाला काही बोलली नाही. तर मघाशी म्हटलं ते हे, तिच्या भिंतीला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

आणि पन्नास वर्षांचं काय? तिसऱ्या पावसाळ्यानंतर सिमेंटचा अख्खा पाटा भिंतीपासून सुटून खाली आला. साधी गोष्ट होती. चिऱ्यातली ओल बाहेर यायला धडपडत होती आणि सिमेंट तिला वाट देत नव्हतं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने 1824 साली घेतलं, आपल्या देशात पोरबंदरला 1914 साली त्याचा कारखाना नीट सुरू झाला. म्हणजे ह्या पाहुण्याला शंभर-सव्वाशे वर्षं झाली. त्याला मी वाईट म्हणत नाही, धरणं आणि पूल त्याच्यावरच उभे आहेत. पण प्रत्येक घरात त्याला माजघरापर्यंत नेऊन बसवायची गरज नव्हती.

मी एकटाच शहाणा निघालो नाही हा त्यातला त्यात दिलासा. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस आपण सगळ्यांनी पाहिलेलं. 1594 साली काम सुरू झालं, 1605 साली पुरं झालं. आज ते तांबूस-काळसर, उघड्या चिऱ्याचं दिसतं आणि पर्यटक म्हणतात, वा, किती पुरातन! पण ते बांधलं गेलं तेव्हा असं नव्हतंच. भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1952 च्या शवप्रदर्शनाच्या सुमारास पोर्तुगालहून बाल्ताझार काश्त्रु नावाचा वास्तुविशारद आला आणि त्याच्या सल्ल्यावरून बाहेरचा गिलावा उतरवला गेला. इमारत प्राचीन दिसावी म्हणून! चिरा हा अंगावर कपडे घालून राहणारा दगड आहे, हे आपल्याकडच्या कुठल्याही पाथरवटाने सांगितलं असतं. सत्तर पावसाळे अंगावर घेऊन तो आता झिजतो आहे आणि 2020 साली तर तिथल्या धर्मगुरूंनीच उघडपणे चिंता बोलून दाखवली, गिलावा परत चढवा अशी मागणी झाली. गंमत म्हणजे गिलावा नको म्हणणारेही निघाले. लोकांना आता उघडा चिराच खरा वाटतो. दोन पिढ्यांत डोळ्यांना जी सवय लागते तिलाच आपण परंपरा म्हणतो.

तिथून चार पावलांवर सांत ऑगस्टिनचा मनोरा. 1835 साली धार्मिक संघांना गोव्यातून घालवण्यात आलं, मठ रिकामा पडला. 1842 साली, म्हणजे जेमतेम सात वर्षांत, चर्चचं घुमट-छत कोसळलं. मुखवट्याची भिंत आणि अर्धा मनोरा 1931 साली गेला. तिथली मोठी घंटा मात्र वाचली, ती 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. सव्वादोनशे वर्षं उभी असलेली इमारत सात वर्षांत छत टाकते, ह्याचा अर्थ मला तरी एकच लागतो. दर ऑक्टोबरात शिडी लावून भेगा बुजवणारा माणूस गेला. हुकूम काढणाऱ्याने धर्मगुरूंना घालवलं असेल, पण बरोबर चुन्याची बादली घेतलेला गडीही गेला. कारकुनाच्या नजरेने सांगतो, फायलीत त्याची नोंद कुठेच नसणार.

ह्यावरून 'जीर्णोद्धार' हा शब्द आठवतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला, त्याचा शिलालेख तिथे आहे. त्या शब्दाचा अर्थ सरळ, जीर्ण झालेल्याला वर काढणं. आज गावोगाव जीर्णोद्धार समित्या आहेत आणि जीर्णोद्धार म्हणजे जुनं सपाट करून स्लॅब ओतणं, फरशा लावणं. किती कावी ह्या जीर्णोद्धारांखाली गेली असेल! सप्तकोटेश्वराचं काम गेल्या काही वर्षांत पुन्हा झालं, फेब्रुवारी 2023 मध्ये देऊळ खुलं झालं. तिथे निदान आहे ते राखायचा विचार झाला.

असो. कोसाडला परत येऊ.

भेगेचं काही ठरवण्यापूर्वी मी एक दिवस मागून घेतला आणि सुरतेत गेलो. अमरोलीचा पूल ओलांडला की कतारगाम. त्या बाजूलाच टोपीकरांची आणि वलंदेजांची, म्हणजे इंग्रज आणि डचांची, जुनी दफनभूमी. तिथली थडगी बघून मी उभाच राहिलो. थडगी कसली, घुमट, कमानी, खांब, दोन-दोन मजले! वखारीतल्या व्यापाऱ्यांनी मोगल उमरावांशी बरोबरी करायला विटा आणि चुन्यात उभारलेले मकबरेच. इंग्रजांच्या बाजूला ऑक्झेंडेन बंधूंची कबर आहे. धाकटा ख्रिस्तोफर 1659 साली गेला, जॉर्ज 1669 साली. 1664 च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार राखून बसलेला प्रमुख तो हाच सर जॉर्ज. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडेन पुढे 1674 साली रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता, ते आपण शाळेत वाचलेलं.

पण मला ओढ होती वलंदेजांकडच्या मोठ्या घुमटाची. तिथे हेंड्रिक व्हान रीड पुरलेला आहे. हा मलबारचा डच गव्हर्नर. कोचीनला असताना त्याने तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला, 'हॉर्तुस मलबारिकुस', बारा खंड, 1678 ते 1693 ह्या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले. गोव्याच्या माणसाला ह्याचं काय? तर त्या कामात इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन सारस्वत वैद्य होते. ज्यांचे पूर्वज गोवा सोडून दक्षिणेला गेले त्या समाजातले. त्यांनी 1675 साली दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलेलं आहे. गोव्यातून उठून गेलेल्या लोकांचे चार शब्द युरोपात छापणारा हा माणूस 1691 साली मुंबईजवळ समुद्रात, जहाजावर वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरलं.

जुन्या वर्णनांत लिहिलंय की त्या कबरीच्या आतल्या भिंतींवर चित्रं होती, कुलचिन्हं होती, बायबलातली वचनं होती आणि खिडक्यांना कोरीव लाकूड होतं. आज त्यातलं काही नाही. पांढरट, डागाळलेल्या भिंती आणि वर कबुतरं. एक तपशील मात्र माझ्यातल्या कारकुनाला फार आवडला. त्या इमारतीच्या मूळ खर्चाची कल्पना यावी म्हणून जुने लेखक एका बिलाचा दाखला देतात. डच कंपनीला नुसत्या डागडुजीपोटी लावलेले सहा हजार रुपये! त्या काळचे सहा हजार. ते बिल लिहिणारा, मंजूर करणारा, त्यावर 'खर्च अवाजवी वाटतो' असा शेरा मारणारा, सगळे माझेच जातभाई.

संध्याकाळी घरी आलो तर आणखी एक भेग दाखवायची राहिली होती. मधल्या खोलीचे दोन भाग करायला भाच्यासाठी त्यांनी जिप्सम बोर्डाची आडभिंत घातली होती. तिला वरपासून खालपर्यंत अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ भेग. ही कागद आणि प्लास्टरची भिंत अमेरिकेतली. ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने 1894 साली कागदाच्या थरांत प्लास्टर घालून फळ्या करायचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरं भराभर उभी करायची झाली तेव्हा तिकडे गिलावा मागे पडला. (सांत ऑगस्टिनची भिंत पडली आणि ह्या ऑगस्टीनची उभी राहिली, असा विनोद मी केला, कुणी हसलं नाही.) आता आपल्याकडेही पणजीच्या कचेऱ्यांत त्याच्याच आडभिंती. तिथे भेग पडते ती दोन फळ्यांच्या सांध्यावर. सांध्यात नुसतं पीओपी भरून चालत नाही. आधी सांधा खरवडून मोकळा करायचा, त्यात सांध्यासाठीचाच लगदा भरायचा, ओल्या लगद्यात कागदाची किंवा जाळीची पट्टी दाबून बसवायची, वर आणखी दोन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर घासून. पट्टी नसेल तर दर वेळी दार आपटलं की भेग. इथे पट्टीच नव्हती. कामगाराने वाचवली, किंवा त्याला कुणी शिकवली नव्हती.

म्हणजे भेग वाचता यायला हवी. सरळ उभी असेल तर सांध्याची. तुळईखालून आडवी असेल तर काँक्रीट आणि वीट ह्यांच्या भांडणाची, तिथे जाळी मारून गिलावा करावा लागतो. जाळ्यासारखी बारीक पसरलेली असेल तर गिलावा घाईने वाळल्याची, तिला फारसं घाबरू नये. तिरकी, पायऱ्यांची असेल तर पायाची. भावजींच्या ओळखीचे एक म्हातारे खानदेशी मिस्त्री आले होते, त्यांनी आणखी एक प्रश्न घातला. भेग जिवंत आहे की मेलेली? मेलेली भेग बुजवावी. जिवंत भेग बुजवली की ती शेजारी दुसरी वाट काढते.

ते कसं कळायचं? त्यांची रीत साधी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची. काच फुटली तर भेग चालतेय. आणि भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायची. वर्षभर हात लावायचा नाही. मधल्या काळात घराभोवती पाणी साचू द्यायचं नाही, पन्हळीचं पाणी लांब नेऊन सोडायचं, भिंतीलगतचं झाड काढायचं की नाही ते नंतर बघू. बहीण म्हणाली, "वर्षभर पाहुण्यांसमोर ही तारखांची भिंत ठेवायची?" मिस्त्री म्हणाले, "बाई, 2006 च्या पुराच्या पाण्याची रेघ लोकांनी भिंतींवर जपून ठेवलीय, ही तर एवढीशी." त्या ऑगस्टात उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि जवळजवळ अख्खं सुरत पाण्याखाली गेलं होतं. पाणी कुठवर आलं ते दाखवणाऱ्या खुणा त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेल्या.

जिप्समच्या भिंतीला आम्ही दोघांनी मिळून पट्टी लावली. माझं घासणं वाकडंतिकडं झालं, भाच्याने त्यावर क्रिकेटवाल्याचं चित्र चिकटवून लाज राखली. बाहेरच्या खोलीतल्या भेगेवर काच बसवली, पेन्सिलने रेघ मारली, तारीख घातली. तारीख मी लिहीत होतो तेव्हा बहीण आत गेली आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात कापसावर लाल-पांढरे तुकडे होते. तीन पानं पुरी, एक अर्धं, आणि फुलाची एक पाकळी. 2009 पासून तिने ते जपले होते, लग्नात बरोबर आणले होते.

"घेऊन जा, तिथे कुणाला तरी दाखव, परत काढता येईल," ती म्हणाली. मी डबा मांडीवर ठेवूनच मडगावपर्यंत आलो. सध्या कावी येणारा माणूस शोधतो आहे. वाचकांपैकी कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवावं. भिंतीवरचं सिमेंट मी काढून टाकलं आहे, चुना विरवून मातीच्या रांजणात मुरत घातला आहे.

परवा दसऱ्याला कोसाडहून फोन होता. काच अजून शाबूत आहे. पण खरा उन्हाळा अजून यायचा आहे.